शिक्का आणि सूर

रॉक संगीताच्या चाहत्यांमधला एक वाद चाळीस वर्षे होऊन गेली तरी मिटण्याचे चिन्ह दिसत नाही. मेटॅलिका हा बँड अजून ‘मेटल’ आहे काय? असल्यास कोणत्या वर्षापर्यंतचा अस्सल आणि कोणत्या वर्षापासूनचा भ्रष्ट? आम्ही मराठी साहित्य शिकवतो; संगीतसमीक्षा हा आमचा प्रांत नव्हे. तथापि वर्गीकरण आणि मूल्यमापन यांची गल्लत कशी होते, हा प्रश्न आमच्या विषयाला परका नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम इतिहास पाहू. लार्स उलरिक हा मूळचा डॅनिश ड्रमवादक आणि गायक-गिटारवादक जेम्स हेटफील्ड यांनी १९८१ साली लॉस एंजेलिस येथे हा बँड उभा केला. ‘किल एम ऑल’ हा त्यांचा पहिला अल्बम १९८३ चा. ज्या ‘थ्रॅश मेटल’ या संज्ञेवरून आज एवढे रण माजते, ती संज्ञा नियतकालिकांतून रूढ होऊ लागली १९८४ च्या सुमारास. म्हणजे आधी बाळ जन्मले, मग बारसे झाले. असे असताना नावाशी इमान राखले नाही, असा ठपका बाळावर कसा ठेवता येईल?

१९८४ च्याच ‘राइड द लाइटनिंग’ या दुसऱ्या अल्बमात ‘फेड टू ब्लॅक’ हे संथ, अकूस्टिक गिटारने सुरू होणारे गीत आले आणि ‘हे बाजाराला विकले गेले’ अशी ओरड काही चाहत्यांनी तेव्हाच केली. आज तोच अल्बम जुन्या, शुद्ध मेटॅलिकाचा पुरावा म्हणून पुढे केला जातो. शुद्धतेची सीमारेषा अशी दर पिढीला सरकत असेल, तर ती संगीतात नसून ऐकणाऱ्याच्या वयात आहे, असे म्हणणे भाग आहे. ज्याने जो अल्बम सोळाव्या-सतराव्या वर्षी ऐकला, तो त्याच्या दृष्टीने अखेरचा अस्सल अल्बम.

मग लेबले निरर्थक आहेत काय? आमचे मत तसे नाही. १९८९ साली ग्रॅमी पुरस्कारांत ‘हार्ड रॉक आणि मेटल’ असा एकत्र विभाग प्रथमच ठेवला गेला. मेटॅलिकाचा ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’ स्पर्धेत असताना तो पुरस्कार मिळाला जेथ्रो टल या बँडला, ज्याची ओळख त्याच्या नायकाच्या बासरीवादनाशी निगडित आहे. चाहते संतापले, आणि तो संताप रास्त होता. पुढच्याच वर्षी हे दोन विभाग वेगळे करण्यात आले आणि ‘वन’ या गीतासाठी मेटॅलिकाला मेटलचा पुरस्कार मिळाला. भिन्न गोष्टींना भिन्न नावे नसली की अन्याय होतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण कोणते? वर्गीकरण हे तुलनेचे साधन आहे. गुणवत्तेचा निकाल मात्र ते देऊ शकत नाही.

खरा वाद पेटला तो १९९१ नंतर. बॉब रॉक या निर्मात्यासह केलेला ‘मेटॅलिका’ हा अल्बम, ज्याला चाहते ‘ब्लॅक अल्बम’ म्हणतात, आधीच्या मानाने संथ आणि आटोपशीर होता. एकट्या अमेरिकेत त्याच्या दीड कोटीहून अधिक प्रती खपल्या. पाठोपाठ १९९६ चा ‘लोड’ आला; ब्लूजकडे झुकलेला, आणि सोबत कापलेले केस. केसांवरूनही निष्ठा मोजली गेली, हे विशेष!

येथे आशयाकडे लक्ष वेधावेसे वाटते. आरंभीच्या अल्बमांत युद्ध, अणुसंहार, व्यसन, सत्तेचा जाच हे विषय प्रबळ होते. त्यांना तो वेग साजत होता. पुढे हेटफील्डने स्वतःच्या जखमांकडे मोर्चा वळवला. तो सोळा वर्षांचा असताना त्याची आई कर्करोगाने गेली. ख्रिश्चन सायन्स पंथाच्या श्रद्धेपायी तिने उपचार नाकारले होते. ‘द गॉड दॅट फेल्ड’ आणि ‘अन्टिल इट स्लीप्स’ या गीतांमागे ही वेदना आहे. असे दुःख त्याच जुन्या वेगात सांगता आले असते काय? लय मंदावली त्याचे श्रेय वा दोष एकट्या बाजाराकडे जात नाही. आशयाने आपली लय निवडली, ही शक्यताही विचारात घ्यावी लागते.

याचा अर्थ ‘लोड’ निर्दोष आहे असा नव्हे. सुमारे ७९ मिनिटांचा हा अल्बम आमच्या मते पसरट आहे. त्यातली चार-पाच गीते गाळली असती तर उरलेली अधिक उजळली असती. परंतु ‘हे मेटल नव्हे’ एवढे म्हणून जो थांबतो, त्याला हा खरा दोषही दिसत नाही आणि ‘ब्लीडिंग मी’ सारख्या गीताची ताकदही जाणवत नाही. लेबलाने दिलेला निकाल समीक्षेचे श्रम वाचवतो. आमचा मुख्य आक्षेप नेमका यालाच आहे.

आणि यात नुकसान होते ते नव्या श्रोत्याचे. २०२२ साली ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेत ‘मास्टर ऑफ पपेट्स’ हे १९८६ चे गीत वाजले आणि हजारो किशोरवयीन मुले मेटॅलिकाकडे वळली. काही जुन्या चाहत्यांनी त्यांची ‘नकली’ म्हणून संभावना केली. बँडने मात्र या मुलांचे जाहीर स्वागत केले. ज्यांची कला होती त्यांनी दार उघडले आणि ज्यांनी फक्त प्रेम केले होते ते उंबरठ्यावर पहारा देत बसले, हा विरोधाभास विचार करायला लावणारा आहे.

आमच्या वर्गातही हेच घडते. कविता हाती पडताच विद्यार्थी विचारतात, ही नवकविता की साठोत्तरी? उत्तर मिळाले की वही मिटते. कविता वाचायची राहून जाते. दोष सर्वस्वी त्यांचा नाही. परीक्षेत तेच विचारले जाते. गुण नावाला मिळतात, वाचनाला नाही.

चाहत्यांची चेष्टा करण्याचा आमचा हेतू नाही. ड्रमचा बदललेला नाद ओळखून रात्रभर भांडणारा श्रोता हा उदासीन श्रोत्यापेक्षा केव्हाही श्रेष्ठ. त्याच्या कानात बारकावे टिपण्याची क्षमता आहे; ती तो पहारेकऱ्याच्या कामी खर्च करतो, एवढीच खंत. ‘हे कोणत्या प्रकारात बसते?’ हा प्रश्न त्याने जरूर विचारावा. मात्र त्यानंतर ‘हे काय करू पाहते, आणि ते साधते काय?’ हा प्रश्नही विचारावा. रसिकतेची सुरुवात या दुसऱ्या प्रश्नापासून होते, असे आम्हांस वाटते.