सुटा ग्राहक आणि विरंगुळ्याचा दर

बोलिंगसारख्या खेळाच्या दरपत्रकाची चर्चा समाजवादी साप्ताहिकात कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. परंतु बाजारव्यवस्थेचे स्वरूप पोलादाच्या किमतीत जितके दिसते, तितकेच श्रमिकाच्या सुट्टीच्या संध्याकाळचा दर कोण ठरवतो यातही दिसते.

अमेरिकेत हा खेळ श्रमिकांमध्ये रुजला. डेट्रॉईट, मिलवॉकी यांसारख्या औद्योगिक शहरांत कारखान्याकारखान्यांचे संघ होते. अमेरिकन बोलिंग काँग्रेसची ‘केवळ गोऱ्यांसाठी’ ही अट १९५० मध्ये रद्द झाली, तिच्यामागे मोटार कामगारांच्या युनियनच्या लढ्याचा मोठा वाटा होता. या संघांच्या नियमित स्पर्धांना तेथे ‘लीग’ म्हणतात. लीगचे सभासद आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी, हंगामापुरत्या आधीच ठरवलेल्या दराने खेळतात. दर ठरवताना मालकापुढे एकटा माणूस नसतो, समूह असतो.

रॉबर्ट पटनम यांनी दाखवून दिल्याप्रमाणे १९८० ते १९९३ या काळात तेथे बोलिंग खेळणारे सुमारे १० टक्क्यांनी वाढले, लीगमधील खेळ मात्र ४० टक्क्यांनी घटला. पटनम यांना त्यात सामाजिक बंध सैल झालेले दिसले. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला आणखी एक गोष्ट दिसते: संघटित ग्राहक घटला आणि सुटा ग्राहक वाढला. कायम कामगाराच्या जागी बदली कामगार आला की सौदाशक्तीचे जे होते, तेच येथे झाले.

या सुट्या ग्राहकाकडून पैसे कसे घेतले जातात? जुनी रीत डावागणिक पैसे घेण्याची. आता अनेक केंद्रांत, विशेषतः शुक्रवार-शनिवारच्या रात्री, लेन तासाच्या हिशेबाने भाड्याने मिळते. पैसे आधी भरायचे, बुटांचे भाडे बहुधा वेगळे. वरवर हा केवळ हिशेबाचा फरक वाटतो. वस्तुतः त्यात जोखमीची अदलाबदल आहे. डावागणिक आकारणीत यंत्र अडकले, पिना वेळेवर उभ्या राहिल्या नाहीत, तर खोळंबा मालकाचा. तासागणिक आकारणीत तोच खोळंबा ग्राहकाच्या खिशातून जातो. आजीचे सावकाश पाऊल, लहान मुलाची दोन हातांनी ढकललेली चेंडूची फेक, मध्येच रंगलेल्या गप्पा, म्हणजे ज्यासाठी कुटुंब तेथे आले ते सारेच महाग होते. कामगाराला नगावर मजुरी आणि ग्राहकाला तासावर आकार: दोन्हीकडे हिशेबाचे माप वेगळे, पण जोखीम टाळणारा हात एकच.

मालकांची बाजूही ऐकली पाहिजे. मंगळवारी दुपारी रिकामी राहिलेली लेन शनिवारसाठी साठवून ठेवता येत नाही. म्हणून गर्दीच्या वेळी दर चढा आणि एरवी उतरता ठेवावा, असे पाठ्यपुस्तकही सांगते. तासाचा हिशेब असला की पुढच्या ग्राहकाला नेमकी वेळ देता येते, हेही खरे. पण हा सिद्धांत ग्राहकाला वेळ निवडण्याचे स्वातंत्र्य आहे असे गृहीत धरतो. कामगाराची सुट्टी कारखान्याचे वेळापत्रक ठरवते. सवलत मिळते ती तो यंत्रापाशी उभा असताना, आणि तो मोकळा होतो तेव्हा दर चढलेला असतो. ज्याला ‘मागणी’ म्हटले जाते, ती पुष्कळ अंशी श्रमाच्या शिस्तीची सावली आहे.

हे सारे परक्या देशाचे वाटत असेल, तर लोअर परळ आठवावे. १९८२ च्या संपानंतर विझत गेलेल्या गिरणगावात, १९९० च्या दशकाच्या अखेरीस फिनिक्स मिलच्या आवारात बोलिंगचे केंद्र सुरू झाले. कामगारांच्या करमणुकीची सोय या नावाखाली त्याची परवानगी मिळवल्याचा आरोप तेव्हा झाला होता. अशा ठिकाणी कोणालाही दाराशी अडवावे लागत नाही. पहारेकऱ्याचे काम दरफलकच करतो. तत्कालीन मुंबई राज्याने १९५३ मध्ये कामगार कल्याण निधीचा कायदा केला, तेव्हा विरंगुळा हा कल्याणाचा भाग मानला होता. त्या विचारापासून आपण किती दूर आलो!

म्हणून आपल्या मागण्या साध्या असाव्यात. बूट व करासह एकूण खर्च दाराशीच लिहिलेला असावा. सुट्टीच्या दिवशीही काही तास डावागणिक पैसे देण्याची मुभा असावी. यंत्र बंद पडले तर घड्याळही थांबावे. आणि ज्या केंद्रांना सार्वजनिक जमिनीचा वा सवलतीचा लाभ मिळाला, तेथे युनियन, वस्तीतील मंडळे आणि शाळा यांना सामूहिक दर मिळावा.

आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास स्वतःचे, ही चळवळीची जुनी मागणी. शेवटचे आठ तासही भाड्याने घ्यावे लागत असतील, तर त्यांचा दर ठरवताना सुटा राहिलेला माणूस हरणारच. ग्राहक म्हणूनही संघटित होण्याचे काम आपण अद्याप पुरेशा गांभीर्याने हाती घेतलेले नाही.