पहिली मोटारसायकल

दसरा जवळ आला की आमच्या इंदूरच्या रामबागेत घरोघरी दोन गोष्टींची चर्चा सुरू होते. आपट्याची पाने यंदा कोण आणणार, ही एक. आणि यंदा कोणाच्या दारात नव्या वाहनाची पूजा होणार, ही दुसरी. या खेपेला दुसऱ्या चर्चेचा मान आमच्या शेजारच्या चिरंजीवांकडे गेला आहे. नुकतीच त्यांना अठरा वर्षे पूर्ण झाली, शिकाऊ परवाना हाती पडला, आणि ३५० सीसीच्या भारदस्त मोटारसायकलीखेरीज आपल्याला दुसरे काही नको, असे त्यांनी घरात जाहीर करून टाकले. वडिलांचे म्हणणे, ओळखीत एक जुनी गाडी स्वस्तात मिळते आहे, ती घ्यावी. आईचे म्हणणे, गाडीच नको. विद्यापीठात जायला बस काय वाईट आहे? शेवटी तिघेही एका संध्याकाळी आमच्याकडे आले. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हीच याला दोन शब्द सांगा." त्यावर चिरंजीव म्हणाले, "काका, माझ्या वयाचे असताना तुम्ही स्वतः राजदूत चालवत होता ना?"

बाण नेमका लागला. होय, आम्ही राजदूत चालवत होतो; आणि ती कशी चालवली हे सांगितल्यावाचून या विषयावर बोलण्याचा आम्हांस अधिकार नाही. ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद, कुठल्याही गावी असोत, आमच्या अनेक वाचकांच्या घरी हाच प्रश्न आज ना उद्या उभा राहणार आहे. म्हणून त्या संध्याकाळचे बोलणे येथे मांडतो.

गोष्ट १९८३ सालची. आमच्याकडेही त्या वेळी शिकाऊच परवाना होता. वडिलांनी एक जुनी राजदूत घेऊन दिली होती आणि विम्याचा कागद म्हणून जे काही मिळाले ते कपाटात ठेवून दिले होते. एका रविवारी आम्ही आमच्या जिवलग मित्राला मागे बसवून महूला गेलो. परतताना राऊच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला पसरलेल्या खडीवर चाक घसरले. आम्हांस खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. मित्राच्या मांडीचे हाड मोडले. तीन महिने तो अंथरुणावर होता आणि त्याचे परीक्षेचे वर्ष गेले. विम्याच्या कचेरीत वडिलांबरोबर आम्हीही गेलो होतो. तेथील गृहस्थांनी कागद उलटसुलट करून शांतपणे सांगितले की, हा विमा रस्त्यावरच्या परक्या माणसासाठी आहे, मागे बसलेल्यासाठी नाही. शिवाय शिकाऊ माणसाने मागे कोणाला बसवायचेच नसते. दवाखान्याचे बिल आईच्या पाटल्यांतून भागले. मित्राच्या वडिलांनी आमच्याकडे कधी एक पैसाही मागितला नाही, आणि तेच आम्हांस अधिक जड गेले. मित्र आजही जिना चढताना प्रथम डावा पाय उचलतो.

हे ऐकल्यावर चिरंजीव जरा गप्प झाले. मग आम्ही त्यांना म्हणालो, "गाडी अवश्य घे. मात्र गाडी निवडताना आणि विमा उतरवताना आपल्या मागे कोण बसणार आहे, हा विचार आधी कर. म्हणजे बाकीचे पुष्कळसे आपोआप ठरते."

प्रथम गाडीविषयी. दुकानात उभी असलेली प्रत्येक गाडी देखणीच दिसते. दुरून डोंगर साजरे. तिच्यावर बसून पाहावे. दोन्ही पावले जमिनीला नीट टेकतात का? इंजिन बंद असताना ती एकट्याने मागे सरकवता येते का? मधल्या स्टँडवर चढवता येते का? १०० सीसीच्या वर्गातील गाडीचे वजन एकशे दहा किलोच्या आसपास असते. ३५० सीसीची बुलेट दोनशे किलोच्या जवळ जाते. गाडी पळत असताना हा फरक जाणवत नाही. तो जाणवतो राजवाड्याच्या गर्दीत, एका पायावर तोल सावरताना, आणि त्याच वेळी मागे आई किंवा आजी बसलेली असताना. नवशिक्याने पहिली दोन वर्षे १०० ते १२५ सीसीच्या वर्गात काढावीत, असे आमचे मत आहे. शहरातल्या रस्त्याला तेवढे बळ पुरून उरते, पेट्रोल कमी लागते, आणि गाडी आडवी झालीच तर उचलता येते.

त्यानंतर ब्रेक पाहावेत. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीहून मोठ्या दुचाकींना एबीएस, म्हणजे जोराने ब्रेक दाबला तरी चाक जागीच जखडून घसरू न देणारी योजना, सक्तीची झाली. त्याहून लहान गाड्यांना निदान एकच ब्रेक दाबला असता दोन्ही चाकांना लागेल अशी जोडणी असावी, असा नियम आला. खडीवर चाक घसरलेल्या माणसाला या गोष्टींचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. किंमत थोडी अधिक पडली तरी एबीएस असलेली गाडी मिळत असेल तर ती घ्यावी, आणि ते पैसे शोभेच्या सामानावर वाचवावेत.

मागे बसणाऱ्याची सोयही नियमातच सांगितली आहे. त्याला धरायला मूठ हवी, पाय ठेवायला पायदान हवे, आणि साडी किंवा ओढणी चाकात जाऊ नये म्हणून मागच्या चाकाचा निम्म्याहून कमी नाही इतका भाग झाकणारी जाळी हवी. हौशी मुले गाडी सडपातळ दिसावी म्हणून नेमकी हीच जाळी काढून टाकतात. ज्या घरात आई आणि बहीण त्या गाडीवर बसणार आहेत, त्या घराने हे कदापि चालू देऊ नये. हेल्मेट एक नव्हे, दोन घ्यावीत, आणि दोन्ही आयएसआय शिक्क्याची असावीत.

आता शिकाऊ परवान्याविषयी. तो सहा महिने चालतो आणि तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. या मुदतीत गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर तांबड्या रंगातले 'एल' अक्षर हवे. मागे कोणी बसणारच असेल तर तो परवाना असलेला, शिकवणारा माणूस असावा. दुसऱ्या कोणाला बसवता येत नाही. हा नुसता पोलिसांच्या दंडाचा प्रश्न नाही. विम्याच्या करारातच लिहिलेले असते की, शिकाऊ माणूस गाडी चालवू शकतो, पण केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील तिसऱ्या नियमाचे पालन करून. म्हणजे पाटी नाही किंवा मित्र मागे बसला आहे, अशा स्थितीत अपघात झाला तर कंपनीच्या हाती आपणच आक्षेप देतो. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्वर्णसिंह प्रकरणात शिकाऊ परवाना हाही परवानाच मानला आहे, ही दिलाशाची गोष्ट. तथापि त्याच निर्णयानुसार, विम्याच्या अटी मोडल्या असतील तर कंपनी परक्या माणसाला भरपाई देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

येथे वहिनींनी विचारले की, त्यांच्या बहिणीचा सोळा वर्षांचा मुलगा घरची गाडी घेऊन क्लासला जातो, त्याचे काय? सोळाव्या वर्षी ५० सीसीपर्यंतचीच गाडी, आणि तीही परवाना काढून चालवता येते. एरवी अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर २०१९ च्या दुरुस्तीने पालकालाच जबाबदार धरले आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत शिकाऊ परवानाही नाही, असा तो कायदा आहे. वहिनींनी तेथूनच बहिणीला फोन लावला.

राहता राहिला विमा. दुकानदार "साहब, फुल इन्शुरन्स है" असे म्हणतो आणि आपण मान डोलावतो. या 'फुल'मध्ये तीन निरनिराळ्या गोष्टी असतात, त्या सुट्या करून पाहाव्यात.

पहिली, थर्ड पार्टी. आपल्या गाडीमुळे परक्याला इजा झाली तर त्याची भरपाई यातून होते. हा विमा सक्तीचा आहे, आणि १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला तो एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. १ जून २०२२ रोजी ठरलेल्या दरांप्रमाणे ७५ ते १५० सीसीच्या नव्या गाडीला पाच वर्षांचे ३,८५१ रुपये, १५० ते ३५० सीसीला ७,३६५ रुपये पडत. थोरल्या गाडीची हौस केवळ किमतीत नव्हे, विम्याच्या हप्त्यातही मोजावी लागते, ती अशी.

दुसरी, आपल्याच गाडीचे नुकसान किंवा चोरी. विमावाले याला 'ओन डॅमेज' म्हणतात. हा भाग बहुधा एकाच वर्षाचा असतो. येथे अनेकजण फसतात. कागदावर पाच वर्षांची तारीख पाहून निश्चिंत राहतात, आणि दुसऱ्या वर्षी गाडी चोरीस गेल्यावर कळते की पाच वर्षे होती ती थर्ड पार्टीची. मग वरातीमागून घोडे. दर वर्षी हा भाग मुदतीपूर्वी चालू ठेवावा. वर्षभर भरपाई मागितली नाही तर पुढच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते, आणि अशीच वर्षे गेली तर ती ५० टक्क्यांपर्यंत चढते. मुदत संपून नव्वद दिवस उलटले की ती सूट गेली. गाडीची विम्यातली किंमतही मुद्दाम कमी लावून हप्ता वाचवू नये. चोरी झाल्यास तेवढीच रक्कम हाती येते.

तिसरी, मालक चालकाचा व्यक्तिगत अपघात विमा, पंधरा लाखांचा. यात एक मेख आहे. तो ज्याच्या नावावर गाडी आहे त्याच्यासाठी असतो, आणि त्याच्याकडे परवाना असावा लागतो. आपल्याकडे गाडी वडिलांच्या नावावर घेऊन मुलाच्या हाती देण्याची रीत आहे. अशा वेळी चालवणाऱ्या मुलाला या पंधरा लाखांचा काही उपयोग नाही. चालवणार मुलगा असेल तर गाडी त्याच्याच नावावर घ्यावी, अथवा त्याचा वेगळा अपघात विमा काढावा.

आणि मागे बसणारा? सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली तिलक सिंह प्रकरणात सांगितले की, केवळ कायद्याने सक्तीच्या अशा विम्यात मोटारसायकलवर मागे बसलेला माणूस येत नाही. १९८३ साली आम्हांस कचेरीत जे ऐकावे लागले तेच हे. सर्वंकष, म्हणजे पॅकेज, पॉलिसीची गोष्ट निराळी. तिच्यात मागे बसणाऱ्याचा समावेश असतो. तेव्हा पैसे भरण्यापूर्वी एकच प्रश्न लेखी विचारावा : "मागे बसणाऱ्याला काही झाले तर ही पॉलिसी काय देते, आणि दुसऱ्या वर्षीही ते चालू राहील का?" याशिवाय थोडा जास्त हप्ता भरून मागे बसणाऱ्यासाठी व्यक्तिगत अपघात विमाही जोडता येतो. विमा दुकानातूनच घेतला पाहिजे, असे बंधन नाही. दोन ठिकाणी दर पाहून घ्यावा.

वडिलांच्या त्या जुन्या गाडीविषयीही बोलणे झाले. जुनी गाडी घेण्यात कमीपणा नाही. पण इंजिनाचा व चासीचा क्रमांक नोंदणीपत्राशी ताडून पाहावा, त्यावर कर्जाचा बोजा आहे का ते पाहावे, आणि गाडी व विमा दोन्ही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्याची खटपट करावी. विकणाऱ्याची सूट आपल्याला मिळत नाही. ती त्याच्याबरोबर जाते. विकणाऱ्यानेही बेफिकीर राहू नये, कारण जोवर नोंदणी त्याच्या नावावर आहे तोवर कायद्याच्या दृष्टीने मालक तोच, असे न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

असो. मागच्या आठवड्यात तिघे मिळून दुकानात गेले. चिरंजीवांनी ३५० सीसीच्या गाडीवर बसून पाहिले, ती स्टँडवर चढवून पाहिली, आणि काही न बोलता १२५ सीसीच्या गाडीकडे वळले. गाडी त्यांच्याच नावावर होणार आहे. विम्याचा कागद त्यांनी आमच्याकडे आणून दाखवला. मागे बसणाऱ्याच्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढलेली होती. दसऱ्याला झेंडूची माळ घातली जाईल, त्याबरोबर तांबड्या 'एल'ची पाटीही लागेल. त्यांच्या आजींनी खजराण्याच्या गणपतीला जाण्यासाठी आपला पहिला नंबर आत्ताच लावून ठेवला आहे. परवाना पक्का होईपर्यंत मात्र त्या रिक्षानेच जाणार आहेत.