माल गेला, पैसे कधी?

बकरी ईदला आठ दिवस राहिले असताना माझ्या खालाच्या मुलाचा फोन आला. सोलापुरात त्याचा शिलाईचा छोटा कारखाना आहे. सहा मशिनी, पाच कारागीर आणि तो स्वतः. शाळेचे गणवेश शिवतात.

"भाईजान, एप्रिलमध्ये एक लाख ऐंशी हजारांचा माल दिला. व्यापारी रोज म्हणतो, पुढच्या आठवड्यात देतो. कारागिरांना ईदच्या आधी काय देऊ?"

मी विचारले, "कागद काय आहेत?"

"ट्रान्सपोर्टची बिल्टी आहे. बाकी सगळं तोंडी."

"उद्यम नोंदणी?"

"गुमास्ता आहे ना माझ्याकडे. आणि ते उद्यम कर्ज घेणाऱ्यांसाठी असतं. मला व्याजाचं कर्ज घ्यायचंच नाही."

हा गैरसमज आपल्या अनेक घरांत आहे. कर्ज नको, म्हणून नोंदणी नको. पण ज्याला कर्ज घ्यायचे नाही, त्याला तर ही नोंदणी जास्त गरजेची आहे. त्याचे सगळे भांडवल म्हणजे त्याचे स्वतःचे पैसे, आणि तेच समोरच्याकडे अडकून पडलेले असतात.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा 2006 सालचा आहे. त्यात असे ठरले आहे की, सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल अथवा सेवा घेणाऱ्याने लेखी ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे, आणि ही मुदत माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. लेखी काहीच ठरले नसेल तर मुदत फक्त 15 दिवसांची. मालात खोट असेल तर तीही घेणाऱ्याने 15 दिवसांच्या आत लेखी कळवायची. दोन महिन्यांनी "शिलाई बरोबर नव्हती" म्हणून हात वर करायला जागा राहत नाही.

मुदत उलटली तर राज्य सरकारने नेमलेल्या परिषदेकडे दावा करता येतो. अर्ज ऑनलाइन होतो. माहितीसाठी आपल्या जिल्हा उद्योग केंद्रात जावे. परिषद आधी दोघांत समेट घडवून पाहते. तो झाला नाही तर लवादामार्फत निवाडा होतो. निवाडा विरोधात गेला आणि खरेदीदाराला त्याविरुद्ध कोर्टात जायचे असेल, तर रकमेच्या 75 टक्के आधी भरावे लागतात. नुसती तारीख पे तारीख करून लहान माणसाला दमवता येऊ नये, यासाठी ही अट आहे.

2023-24 या आर्थिक वर्षापासून प्राप्तिकराच्या कायद्यानेही भर घातली आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत व्यापाऱ्याला तो खर्च हिशेबात दाखवता येत नाही. त्याचा कर वाढतो. त्यामुळे मार्च जवळ आला की व्यापाऱ्याचा सीएच त्याला विचारतो, "याचे पैसे दिलेत का?" अर्थात हे विचारायला तुमची नोंदणी त्याला माहीत हवी. म्हणून प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापा.

आता व्याजाचा प्रश्न. उशीर केल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे, असे हाच कायदा म्हणतो. ते घ्यावे की नाही, घेतले तर त्याचे काय करावे, हे आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारा. पण मूळ रक्कम हा तुमच्या घामाचा पैसा आहे. तो मागायला संकोच कशाचा?

उद्यम नोंदणी 1 जुलै 2020 पासून सुरू आहे. एकट्याचा धंदा असेल तर मालकाचे आधार आणि पॅन लागते. कागद अपलोड करावे लागत नाहीत, फी एक पैसाही नाही. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' असलेल्या सरकारी संकेतस्थळावरच जा. मिळतीजुळती नावे लावून हजार-दोन हजार उकळणारे पुष्कळ आहेत. 1 एप्रिल 2025 पासून यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असलेला धंदा सूक्ष्म गणला जातो. म्हणजे आपले बहुतेक कारखाने, बेकऱ्या, गॅरेज यात बसतात.

दोन गोष्टी मात्र नीट लक्षात ठेवा. माल विकत आणून विकणाऱ्या दुकानदारालाही 2021 पासून ही नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. 45 दिवसांचे हे संरक्षण त्याला नाही. आणि आधी नोंदणी, मग माल. पैसे अडकल्यावर धावत जाऊन केलेली नोंदणी जुन्या थकबाकीसाठी कामाला येईल, या भरवशावर राहू नका. गुमास्ता म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याची नोंद. ती वेगळी, ही वेगळी.

माझ्या भावाचे हेच झाले. त्या एक लाख ऐंशी हजारांसाठी कायद्याचा हा आधार त्याच्या हाती नव्हता. बिल्टीची प्रत जोडून त्याने रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवले, ओळखीच्या एका बुजुर्गांना मध्ये घातले. ईदच्या आदल्या दिवशी एक लाख आले. उरलेले हप्त्याहप्त्याने.

त्या संध्याकाळी मी त्याच्या घरी होतो. तो व्यापाऱ्यावर चिडून बोलत होता. भाभींनी कारागिरांच्या हिशेबाची वही त्याच्यापुढे ठेवली आणि शांतपणे म्हणाल्या, "तो तुम्हाला म्हणतो पुढच्या आठवड्यात. तुम्ही यांना काय म्हणता?"

तो गप्प झाला. गेले दीड महिना तोही कारागिरांना हेच सांगत होता.

आपण मालक असतो तेव्हा आपल्यालाही नियम आहेत. महिन्याची मजुरी पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायची. काम नगावर असले तरी किमान वेतनाचा नियम सुटत नाही. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे गुन्हा आहे, मग त्याचे आईबाप स्वतः घेऊन आले तरी. दहा किंवा जास्त माणसे झाली की कर्मचारी राज्य विमा लागू होतो. 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्यांसाठी मालकाने सव्वातीन टक्के आणि कामगाराने पाऊण टक्का भरायचा. त्यातून त्याच्या घरच्यांचेही औषधपाणी होते. वीस माणसांपासून भविष्य निर्वाह निधी. याला सरकारी कटकट म्हणू नका. व्यापाऱ्याने आपल्याशी जसे वागावे असे वाटते, तसेच आपण कारागिराशी वागायचे, एवढाच याचा अर्थ.

मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकराच्या 282 व्या आयतीत आहे, आणि कुरआनातली सर्वांत लांब आयत हीच. तरी आपल्यात कुणी लिहून मागितले की, "भरवसा नाही का?" म्हणून रुसवा होतो. लिहिण्याने भरवसा कमी होत नाही. उलट दोघांपैकी एकाचा इंतकाल झाला, तरी त्याच्या मुलांना हिशेब समजतो.

आलेल्या लाखातून त्याने आधी पाचही कारागिरांची मजुरी चुकती केली. मुलांचे ईदचे कपडे राहिले. ईदच्या चौथ्या दिवशी भाभींनी स्वतः मोबाइलवर बसून उद्यम नोंदणी केली. आता त्यांच्या घरात दोन वह्या आहेत. एकात लोकांकडून येणे, दुसऱ्यात कारागिरांचे देणे. सात तारखेला भाभी आधी दुसरी वही उघडतात.