कॅस्लॉनची अक्षरे
बंदुकीच्या नळ्यांवर नक्षी कोरण्याच्या कसबात लंडन शहरी उमेदवारी केलेल्या विल्यम कॅस्लॉनने, तोवर बहुतांशी डच खिळ्यांवर विसंबून असलेल्या इंग्रजी मुद्रणाला स्वदेशी अक्षर मिळावे म्हणून जे पोलादी ठसे स्वहस्ते कोरले आणि ज्यांचे नमुनापत्रक १७३४ साली प्रसिद्ध केले, त्यांतले एखादे अक्षर सुटे काढून भिंगाखाली धरले तर ते निर्दोष भासत नाही, हे मान्यच केले पाहिजे. परंतु तीच अक्षरे ओळीत उभी राहिली म्हणजे त्यांच्या दंडांना पायथ्याशी असलेली लहानशी आडवी टोके, देवनागरीत शिरोरेखा मस्तकाशी जे कार्य करते त्याच्याच जवळपासचे कार्य करीत, दृष्टीला इतक्या अलगद पुढे नेतात की रात्री दिव्याजवळ चाळीस पृष्ठे वाचूनही माझ्या डोळ्यांना शीण म्हणून जाणवत नाही. बेंजामिन फ्रँकलिन हा तर हाडाचा मुद्रक. त्याचीही या अक्षरांवर मर्जी होती. आणि १७७६ च्या जुलैत फिलाडेल्फियास अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा प्रथम छापताना जॉन डनलॅपने जुळवले ते कॅस्लॉनचेच खिळे: एका साम्राज्याशी नाते तोडणारा तो दस्तऐवज, पण त्यातल्या एकाही अक्षराने आवाज चढविलेला नाही.