सावली काळी नसते, बॉस!

आमच्या ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये जंगलाचं एक चित्र टांगलंय. झाडं, पायवाट, उन्हाचे कवडसे. बस्स! माणूस नाही, काही घडत नाही. अप्रेझलच्या वेळी बॉसची नजर चुकवायला मी त्याच्याकडेच बघत बसलो आणि लक्षात आलं, यातल्या सावल्या काळ्या नाहीतच. चक्क जांभळ्या!

ही आयडिया इम्प्रेशनिस्ट मंडळींची. १८४१ मध्ये रंगाची धातूची ट्यूब निघाली, पुढे पॅरिसहून रेल्वेही झाली. मग काय, मोने, रेन्वार, सिस्ले थेट फाँतेनब्लोच्या जंगलात! ऊन सरकायच्या आत चित्र उरकायचं, म्हणून ते तुटक फटकारे. १८७४ च्या पहिल्या प्रदर्शनात त्यांची यथेच्छ टिंगल झाली, ते सोडा. आपल्याकडे कोल्हापूरचे आबालाल रहिमान जे. जे.त शिकले, गावी परतले आणि कोटीतीर्थाकाठचा उजेड रंगवत राहिले. उजेडासाठी पॅरिस कशाला हवं?

हे मला कळायला जरा उशीरच झाला. माझं गाव मुदखेड. फुलशेतीसाठी ओळखलं जाणारं. पण पुण्यात कुणी 'कुठला तू?' विचारलं, की मी 'नांदेडकडचा' म्हणून विषय गुंडाळायचो. 'तिकडे दुष्काळच ना रे?' यावर सगळ्यांबरोबर हसायचोसुद्धा.

गेल्या पावसाळ्यात मावशीकडे किनवटला निघालो. मुदखेड जंक्शनवरून आदिलाबादची लाइन. भोकर, हिमायतनगर मागे पडलं, की सागाचं जंगल लागतं. लहानपणापासून कितीदा गेलोय इथून, पण दर वेळी झोपून! या वेळी जागा होतो. पाऊस नुकताच थांबलेला. सागाच्या शेंड्यांवर पांढुरका मोहोर, ओल्या पानांवर ऊन आणि बुंध्यांखाली सावली... तीच, जांभळी! मोबाइल काढेपर्यंत गाडी पुढे. फोटोत आली फक्त खिडकीची जाळी.

मावशीला उत्साहाने सांगितलं, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "त्यात काय नवं, बाबा? रोजचंच हाय की!"

खरंय. तिचं रोजचंच होतं. न बघितलेलं माझं होतं.

आता कुणी विचारलं, तर सरळ 'मुदखेड' सांगतो. आणि तुम्हाला फुकटची टिप: पुढच्या वेळी गावी जाताना खिडकीची सीट पकडा. अन् प्लीज, झोपू नका!