मासे हलके, पाणी जड

नांदेड-लातुरात नव्या फ्लॅटची चावी हाती आली, की हॉलमध्ये मोठा फिशटँक ठेवायची हौस आता सर्रास दिसते. दुकानदार काचेची जाडी सांगतो, पंपाचे वॅट सांगतो. वास्तूवाला ईशान्य कोपरा दाखवतो. हे सगळे ज्या स्लॅबवर उभे राहणार, त्याच्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही. मग टाकीची ऑर्डर देऊन झाल्यावर कोणीतरी विचारते, ‘‘स्लॅब पेलेल ना हो?’’

हिशेब अवघड नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत काठोकाठ अडीचशे लिटर पाणी मावते. काच, खडी आणि स्टँड धरले की वजन चारशे किलोंच्या आसपास जाते. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकी घेतली तर नुसते पाणीच 680 लिटर, आणि सगळे मिळून जवळपास टनभर. मासे या हिशेबात कुठेच येत नाहीत.

आता स्लॅबची बाजू. घरातली माणसे आणि सामान यांचा भार किती धरायचा, हे भारतीय मानक 875 च्या दुसऱ्या भागात दिले आहे: राहत्या खोलीला चौरस मीटरमागे 2 किलोन्यूटन, म्हणजे साधारण 200 किलो. चार फुटी टाकीखाली हाच आकडा सातशेच्या घरात जातो. तो पाहून लगेच घाबरायचे कारण नाही. दहा बाय बाराच्या खोलीत मानकातला 200 किलोंचा भार सर्वत्र धरला तर तो सव्वादोन टनांवर जातो, आणि एका जागी पडलेले ओझे स्लॅब आजूबाजूलाही वाटून देतो. नीट बांधलेल्या आरसीसी घरात, खाली बीम असलेल्या भिंतीलगत लांबी भिंतीला धरून ठेवलेली चार फुटी टाकी बहुधा निभावते. तीच खोलीच्या मध्यावर ठेवली तर हिशेब बदलतो. ईशान्येला बीम असेल तर उत्तमच; नसेल तर बीमचे ऐकावे.

काळाचाही प्रश्न असतो. पाहुणे येतात आणि जातात. टाकी रात्रंदिवस, वर्षानुवर्षे तिथेच असते, आणि सततच्या ओझ्याखाली काँक्रीट हळूहळू वाकत जाते. स्लॅबच्या खालच्या अंगाला गंजके गज उघडे पडले असतील, तर टाकीचा विचारच सोडावा. गॅलरीत तर नकोच. बाहेर झुकलेल्या गॅलरीचे मुख्य गज स्लॅबच्या वरच्या अंगाला लागतात, आणि काँक्रीट ओतताना मजुरांच्या पायांखाली नेमके तेच दबतात. जुन्या पेठांमधल्या गर्डर-फरशीच्या माडीवर आणखी जपावे लागते. सळई असलेला स्लॅब वाकून, तडे दाखवून बहुतेकदा आधी इशारा देतो. शहाबादी फरशी दगड आहे, ती एकदम तुटते. तळमजलाही बिनघोर नाही. काळ्या मातीवर मुरूम नीट न दाबता फरशी बसवली असेल, तर पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि टाकी एका बाजूला कलून काचेचा सांधा उघडतो.

इथवर फिशटँकचे झाले. पण हाच प्रश्न आपण गच्चीवरच्या पाण्याबद्दल का विचारत नाही? हजार लिटरची प्लास्टिकची टाकी जेमतेम चौरस मीटर जागेवर टनभर भार देते. ये-जा असलेल्या गच्चीसाठी मानकात धरलेला भार आहे चौरस मीटरला दीडशे किलो. मूळ टाकी निदान नकाशात तरी असते. पुढच्या दोन-तीन टाक्या पाइप जवळ पडेल तिथे, चार विटा रचून बसवल्या जातात, आणि जागा ठरवतो प्लंबर.

लातूरकराला यासाठी दोष देणे सोपे नाही. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या खेपेला दहा वाघिणी होत्या, साधारण पाच लाख लिटर. ज्या शहराने प्यायचे पाणी रुळांवरून येताना पाहिले, ते शहर मिळेल तेव्हा मिळेल तेवढे पाणी भरून ठेवणारच. साठवण ही गरज आहे. ती कुठे ठेवायची हे न विचारणे मात्र गरजेत मोडत नाही.

कारण डोक्यावरच्या वजनाचा अर्थ लातूर जिल्ह्याइतका कोणाला ठाऊक असणार? 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी-सास्तूर पट्टा भूकंपाने हादरला. उन्हापासून बचाव म्हणून माळवदावर मातीचे थरावर थर चढत गेलेले होते. दीड फूट माती म्हणजे चौरस मीटरला सात-आठशे किलो. आज फिशटँकखाली जो भार पाहून आपण दचकतो, तेवढा तिथे अख्ख्या छतावर होता, आणि खाली मातीत रचलेल्या दगडी भिंती. भूकंपाचा धक्का वस्तुमानाच्या प्रमाणात बसतो. जितके जड, तितका जोराचा हिसका. म्हणूनच नंतर जुनी घरे सावरताना माळवदावरची माती कमी करा, हे सांगितले गेले. तोवर भूकंपाच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. नंतरच्या नकाशात लातूर तिसऱ्या क्षेत्रात आले. नांदेडकरांनीही हा शेजारचा विषय समजू नये. मार्च आणि जुलै 2024 मध्ये हिंगोलीकडचे 4.5 तीव्रतेचे धक्के नांदेडलाही जाणवले.

मातीचे ओझे आपण उतरवले. आता तिथेच पाण्याचे चढवतो आहोत, तेही विटांवर आणि बहुधा न बांधता.

म्हणून दोन्ही शहरांच्या महापालिकांकडे एक साधी मागणी आहे. भोगवटा प्रमाणपत्राबरोबर घरमालकाला सळयांचा नकाशा मिळावा, आणि पाण्याच्या टाक्या कुठे, किती लिटरपर्यंत चालतील, हे त्यात लिहिलेले असावे. बिल्डरकडे सळयांचा नकाशा असतोच. तो फाइलमध्ये राहून घराच्या उपयोगाचा नाही. तोवर चार फुटी टाकीवाल्याने आधी बीम शोधावा आणि स्टँड भिंतीला पक्का बांधावा. सहा फुटीवाल्याने काचेच्या किमतीतच स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी धरावी. आणि इंजिनिअर घरी आलाच आहे, तर त्याला हॉल दाखवण्याआधी गच्चीवर न्यावे.