दुसऱ्यांदा हात ठेवणारा प्रभू

मार्कच्या शुभवर्तमानात, ८व्या अध्यायात, बेथसैदाच्या आंधळ्याची गोष्ट आहे. प्रभू येशूने त्याच्यावर हात ठेवले आणि काही दिसतं का, असं त्याला विचारलं. माणसं दिसतात, पण चालत्या झाडांसारखी, असं त्याने खरंखरं सांगितलं. प्रभू रागावला नाही. त्याने पुन्हा हात ठेवले, तेव्हा त्या माणसाला सगळं स्पष्ट दिसू लागलं.

मंडळीत ज्येष्ठांसाठी आरोग्याची व्याख्यानं होतात, तिथे हा मधला प्रश्नच राहून जातो. उपासनेनंतर डॉक्टर पाऊण तास बोलतात, पडद्यावर इंग्रजी तक्ते येतात, शेवटी "समजलं ना?" असं विचारलं जातं. सगळे मान डोलावतात आणि चहा होतो. पुढे औषधात घोटाळा झाला की आपण म्हणतो, "यांना कितीही सांगा, ऐकतच नाहीत." हे मला पटत नाही. समजलं नाही, तर त्याची जबाबदारी आधी सांगणाऱ्याची.

मधुमेहाचंच घ्या. काही गोळ्या खाण्याआधी घ्यायच्या असतात, पण गोळीनंतर वेळेवर खाणंही तितकंच गरजेचं असतं. आपण पहिला भाग सांगतो, दुसरा गृहीत धरतो. प्रभुभोजनाच्या रविवारी रिकाम्या पोटी यायची काहींची जुनी सवय असते. आजोबा गोळी घेऊन तसेच येतात, उपासना लांबते, आणि घाम, थरथर, भोवळ सुरू होते. रक्तातली साखर ७०च्या खाली गेली आणि माणूस शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठावा. एका दिवशी एवढंच शिकवलं तरी पुरे. आणि अशा गोळ्या घेणाऱ्यांनी खाऊन यावं, त्याने भक्ती उणी होत नाही, हे पाळकांनी उपदेशातून सांगावं.

ओरडून बोलल्याने फारसा उपयोग होत नाही. वयाबरोबर बारीक, उंच आवाज आधी ऐकू येईनासे होतात. म्हणून समोर बसून, खालच्या सुरात, सावकाश बोलावं. कागदावर मोठी काळी अक्षरं असावीत. आमच्या बेळगावात माहितीचे कागद बहुधा कानडी नाहीतर इंग्रजी, आणि मंडळीतले कितीतरी आजी-आजोबा शिकले मराठी शाळेत. साध्या बायकांनाही बायबल कळावं म्हणून पंडिता रमाबाईंनी ते सोप्या मराठीत आणायला आयुष्याची शेवटची वर्षं दिली. गोळ्यांची चिठ्ठी मराठीत लिहायला आपल्याला दहा मिनिटं लागतील.

डॉक्टरांना वेळ कमी असतो, हे खरं. पण त्यांचं बोलणं झाल्यावर तरुण संघातल्या एकेकाने दोघा-दोघांजवळ बसायला काय हरकत आहे? तिथे असं विचारावं, "काका, मी नीट सांगितलं का ते बघायचंय. घरी काकूंना हे कसं सांगाल?" उत्तर अर्धवट आलं, तर ती चालती झाडं आहेत असं समजावं आणि वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगावं.

दुसऱ्यांदा हात ठेवण्यात प्रभूने कमीपणा मानला नाही. तोच धीर तो आपल्यालाही देवो. आमेन.